चौथा सिलिंडर

जुन्या फियाटच्या मागून निळा धूर निघायला लागला की नागपुरात सल्ला देणाऱ्यांची वानवा नसते. पेट्रोल पंपावरच्या पोऱ्यापासून गल्लीतल्या निवृत्त इंजिनिअरपर्यंत सगळ्यांचं निदान एकच: ‘रिंगा गेल्या, बोअर करून टाका.’ एकदोघे तर ‘मारुतीचं इंजिन बसवा, कायमची कटकट मिटेल’ इथपर्यंत पोचले. आमच्या गाडीचं पत्र्याचं आणि रंगाचं काम उरकलं होतं, सीटांना नवी कव्हरं चढली होती. इंजिन सुरू व्हायचं, पण गाडीत दम नव्हता. कामठी रोडच्या उड्डाणपुलावर चढताना ती तिसऱ्या गिअरमध्येही धापा टाकायची आणि ऑईल तर पेट्रोलच्या बरोबरीने प्यायची.

गाडी बाबांची, १९७० सालची फियाट ११०० डी. जुने लोक हिला ‘डिलाइट’ म्हणतात. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला उभा राहिला. पन्नासच्या दशकात तिथून गोल पाठीची ‘डुक्कर फियाट’ बाहेर पडली, १९६४च्या सुमारास चौकोनी अंगाची ११०० डी आली आणि १९७४ साली हीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३पर्यंत रस्त्यावर होती. नावं बदलली तरी इंजिनाचा पिंड तोच राहिला: चार सिलिंडर, ६८ मिलिमीटरचा बोअर, ७५चा स्ट्रोक, १०८९ सीसी. ब्लॉक ओतीव लोखंडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं.

मारुतीचं इंजिन बसवायचा सल्ला मी कानाआड केला, त्याला भावनेइतकंच कागदाचंही कारण होतं. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी देण्याचा नियम केंद्र सरकारने २०२१ साली केला. नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, दहा वर्षांसाठी वीस हजार रुपये फी. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेली चालत नाही. इंजिनाचा नंबर ब्लॉकवर असतो. म्हणजे ब्लॉक गेला की ओळखच गेली.

गाडी जरीपटक्यात नेली. फाळणीनंतर सिंधहून आलेल्या कुटुंबांनी ही वस्ती वसवली. आज वसणशाह चौकाच्या बाजूने निघालं तर कापड, मिठाई, मोबाइल, लग्नाचं सामान असं काय वाट्टेल ते मिळतं. पलीकडे कामठी रोडला लागलं की ऑटोमोटिव्ह चौकाच्या अंगाने गॅरेज, स्प्रिंगवाले, रेडिएटरवाले, लेथवाले. या दोहोंच्या मधल्या एका गल्लीत एका म्हाताऱ्या सिंधी मिस्त्रींचं गॅरेज आहे. सगळे त्यांना काकाच म्हणतात. त्यांची बोली अस्सल नागपुरी, मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात नांदणारी.

मी गाडी लावली आणि म्हटलं, “काका, बोअर करायची आहे.”

“कोणी सांगितलं?”

“सगळेच सांगतात.”

“सगळ्यांनी मोजलं का?” त्यांनी बॉनेट उघडलं. “काऊन घाई करून राहिला, बाप्पा? बोअर म्हणजे लोहा कापणं. एकदा कापलेला लोहा वापस येत नसते.”

पुढच्या सगळ्या कामाचं सार त्या एका वाक्यात होतं. बोअरिंग म्हणजे झिजलेल्या सिलिंडरची भिंत कापून तो पुन्हा गोल करायचा आणि त्यात मोठ्या मापाचं पिस्टन घालायचं. ही मापं ठरलेली असतात आणि मोजकी असतात. प्रत्येक वेळी भिंत पातळ होते. ब्लॉकमधलं लोखंड ही बँकेतली मुदत ठेव समजा: मोडता येते, पण नुसत्या धुराच्या सांगण्यावरून मोडायची नसते.

काकांनी सुरुवात धुरापासूनच केली, पण तो कधी निघतो ते पाहायला. मला गाडी चालवायला लावली आणि ते स्वतः एका पोराच्या स्कूटरवर मागे बसून निघाले. उड्डाणपुलाच्या उतारावर पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढायचा, गाडी गिअरमध्येच राहू द्यायची आणि खाली आल्यावर एकदम दाबायचा. असं केल्यावर निळा लोट आला तर संशय व्हॉल्व्हच्या गाइडवर. पाय काढला की सिलिंडरमध्ये पोकळी तयार होते आणि ढिल्या गाइडमधून ऑईल आत ओढलं जातं. उलट चढावर, जोर पडताना सतत निळा धूर येत असेल तर संशय रिंगा आणि बोअरवर. काळा धूर आला तर पेट्रोल जास्त जळतंय, कार्बुरेटर पाहायचा. पांढरा आणि न थांबणारा आला तर पाणी आत जातंय. आमची गाडी चढावर धूर टाकत होती, उतारानंतर फारसा नाही.

“म्हणजे बोअरच ना?” मी विचारलं.

“चारपैकी कोणता?” काका म्हणाले. याचं उत्तर धुरात नव्हतं.

मग प्लग काढले. तीन प्लगांची टोकं विटकरी-करडी आणि कोरडी. चौथ्याचं टोक काळं, ओलं, बोटाला तेलकट लागणारं. पहिला पुरावा मिळाला.

त्यानंतर कंप्रेशन. काकांची पद्धत काटेकोर होती. इंजिन गरम हवं. चारही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली, बॅटरी चार्ज केलेली. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा, नाहीतर हवाच आत जात नाही आणि आकडा खोटा येतो. प्रत्येक सिलिंडरला स्टार्टर तेवढाच फिरवायचा. गेज प्लगच्या जागी लावायचा आणि काटा थांबला की खडूने फरशीवर लिहायचं. आकडे असे आले: पहिला ११६ पौंड, दुसरा ७२, तिसरा ७४, चौथा ७८.

माझं लक्ष नव्या इंजिनाचा आकडा किती असावा इकडे होतं. काकांनी ते उडवून लावलं. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरवर आहे, इथली हवा थोडी विरळ, गेजही जुना. पुस्तकातला आकडा इथे जसाच्या तसा यायचा नाही. चौघांमधला फरक पाहायचा. दहा टक्क्यांपर्यंत फरक असेल तर इंजिनाची तक्रार नाही. इथे तर तीन सिलिंडर पहिल्याच्या पार खाली.

खरी मजा पुढच्या चाचणीत होती. प्रत्येक सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा इंजिन ऑईल टाकायचं, स्टार्टर मारून ते पसरवायचं आणि पुन्हा गेज लावायचा. ऑईल रिंग आणि भिंतीच्या मधल्या फटीत बसतं आणि थोडा वेळ ती फट बुजवतं. आकडा एकदम चढला तर हवा तिथूनच निसटत होती असं समजायचं. चढला नाही तर गळती वर आहे, व्हॉल्व्हला किंवा हेडच्या गॅस्केटला. चमचा चमचाच हवा. जास्त ऑईल ओतलं तर ते जागा व्यापतं आणि कंप्रेशन आपोआप वाढून दिसतं.

दुसरी ओळ फरशीवर उमटली: १२६, ७६, ७७, ११८.

चौथा ७८वरून ११८वर. दुसरा आणि तिसरा जागचे हलले नाहीत. आणि ते दोघे शेजारी, दोघांचे आकडे जवळजवळ सारखे. काकांनी त्या दोन आकड्यांभोवती खडूने एक गोल काढला आणि म्हणाले, “हे दोघं आपसात बोलून राहिले.”

खात्री करायला त्यांनी शेजारच्या पंक्चरवाल्याकडून कॉम्प्रेसरची नळी आणली. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक लावलेला. चौथ्याचं पिस्टन वर आणलं, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतील असं. प्लगच्या भोकातून हवा सोडली. सायलेन्सरपाशी कान लावला, शांत. कार्बुरेटरपाशी, शांत. ऑईल भरायचं झाकण काढलं तर तिथून जोराची सूं सूं. हवा पिस्टनच्या कडेने खाली चेंबरमध्ये उतरत होती. मग दुसऱ्यात हवा सोडली. काकांनी वर्तमानपत्राचा एक चिटोरा फाडून तिसऱ्या प्लगच्या भोकावर धरला. तो पताकेसारखा फडफडायला लागला.

एकाच गाडीत दोन वेगवेगळे आजार होते. दमाचा मोठा हिस्सा दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधल्या गॅस्केटने खाल्ला होता, आणि धूर चौथ्याचा होता. ‘चारही बोअर करून टाका’ हा सल्ला ऐकला असता तर नव्या गॅस्केटमुळे गाडी पळाली असती आणि श्रेय बोअरला गेलं असतं.

हेड उतरवलं तेव्हा गॅस्केटवर दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधल्या अरुंद पट्टीत जळका काळा माग दिसला. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडवर सरळ पट्टी ठेवून खालून फिलर गेजची पाती सारली, तर मध्यावर बाक निघाला. गाडी कधीतरी तापली होती. हेड मशिनवर घासायला गेलं.

चौथ्या सिलिंडरच्या वरच्या कडेला काकांनी माझं बोट धरून नख फिरवलं. काठाच्या थोडं खाली नख अडकलं. तिथे एक पायरी होती. सगळ्यात वरची रिंग जिथपर्यंत जाते त्याच्या खालची भिंत झिजते, वरची कोरी राहते, आणि मध्ये हा कंगोरा तयार होतो. इतर तिघांत तो नखाला जेमतेम लागत होता. कंगोरा न काढता नव्या रिंगा घातल्या तर वरची रिंग त्याला आपटून तुटते. आठ दिवसांत परत धूर टाकणाऱ्या ‘नव्या’ इंजिनांपैकी बरीच याच चुकीची असतात, असं काकांचं मत.

झीज वरतीच जास्त का? पिस्टन अगदी वर पोचतं तेव्हा क्षणभर थांबतं, आणि थांबलेल्या रिंगखालचा ऑईलचा पापुद्रा सगळ्यात पातळ होतो. त्याच क्षणी वर स्फोट होतो. दाब जास्त, उष्णता जास्त. थंड इंजिन सुरू करताना न जळलेलं पेट्रोल उरलंसुरलं ऑईलही धुऊन नेतं. शिवाय झीज सगळीकडून सारखी नसते. कनेक्टिंग रॉड तिरका असल्यामुळे जोराच्या फेऱ्यात पिस्टन एका बाजूच्या भिंतीवर रेटलं जातं. म्हणून जुना बोअर वर रुंद, खाली अरुंद आणि वरून पाहिलं तर किंचित लंबगोल असतो. थंड इंजिनात टकटक असा आवाज येतो आणि गरम झाल्यावर विरतो, तो अशा मोकळ्या बोअरमध्ये डुलणाऱ्या पिस्टनचा.

इंजिन खाली उतरवून पिस्टन काढले. माप घेण्याआधी काकांनी एका पिस्टनच्या डोक्यावरचा कार्बन लाकडी पट्टीने खरवडला. रॉकेलच्या चिंधीने पुसल्यावर खाली ‘४०’ हा ठसा दिसला. म्हणजे हे इंजिन पूर्वी एकदा बोअर झालं होतं, ०.४० मिलिमीटरने. बाबांनी ऐंशीच्या दशकात कधीतरी ‘इंजिनाचं काम’ काढलं होतं एवढंच मला आठवत होतं. हा ठसा न पाहता माप घेतलं असतं तर ६८.५० हा आकडा अर्धा मिलिमीटर झीज वाटला असता. प्रत्यक्षात मोजायला सुरुवात ६८.४०पासून करायची होती.

बोअर गेज कामठी रोडवरच्या लेथवाल्याकडे होता, पण त्याआधी काकांनी मला गरिबाचं माप दाखवलं. चौथ्याची जुनी रिंग काढून नुसती बोअरमध्ये सारायची, पिस्टन उलटं करून तिला सरळ ढकलायचं म्हणजे ती तिरकी बसत नाही. मग रिंगेच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने मोजायची. तळाशी, जिथे रिंग कधी पोचतच नाही, तिथे फट ०.७० आली. वर कंगोऱ्याच्या खाली १.२०. फरक अर्धा मिलिमीटर. परीघ हा व्यासाच्या ३.१४ पट, म्हणून या फरकाला ३.१४ने भागलं की व्यासातली झीज मिळते: ०.१६. शाळेत पाठ केलेला पाय त्या दिवशी पहिल्यांदा कामाला आला. रिंग जुनी आहे की नवी याने बिघडत नाही, कारण आपण वरचं आणि खालचं माप एकाच रिंगेने घेतो.

लेथवाल्याचा गेज हेच पक्कं करणारा होता. प्रत्येक सिलिंडरमध्ये वर, मध्ये, खाली अशा तीन उंचीवर, आणि प्रत्येक उंचीवर क्रँकच्या दिशेत एकदा व तिला आडवं एकदा. गेज किंचित झुलवायचा. काटा जिथून मागे वळतो तो आकडा धरायचा. चौथ्याला तळाशी ६८.४२, वर आडव्या दिशेत ६८.५८, क्रँकच्या दिशेत ६८.५१. उतार ०.१६, लंबगोलपणा ०.०७. इतर तिघांत वरचा मोठ्यात मोठा आकडा ६८.५०. म्हणजे उतार ०.०८, गोलाईत फरक नावापुरता. साधारण ०.१०च्या आत उतार असेल तर बोअरला हात न लावता नुसत्या रिंगांवर काम भागतं.

आता हिशोब मांडला. पुढचं माप ०.६०, म्हणजे ६८.६०. चौथ्यात झीज ६८.५८पर्यंत पोचलेली. मधे उरले व्यासात दोन शतांश, बाजूला एक शतांश. तेवढ्यात कापायचं, मग होनिंगने आडव्यातिडव्या बारीक रेघा ओढायच्या, आणि झीज एकाच बाजूला असल्यामुळे केंद्रही सांभाळायचं. जमणार नव्हतं. चौथ्याला ०.८०वर न्यायचं तर चारही पिस्टनांचं वजन सारखं राहावं म्हणून बाकी तिघांनाही ०.८०वर न्यावं लागणार. तीन धडधाकट बोअरमधून विनाकारण लोखंड जाणार.

काकांनी ठरवलं: चौथ्याला स्लीव्ह. ब्लॉकमधला चौथा बोअर मोठा कापून त्यात ओतीव लोखंडाची नळी दाबून बसवायची आणि ती पुन्हा ०.४०च्या मापाला आणायची. बाकी तिघांचा कंगोरा काढायचा, हलकं होनिंग करायचं, बस्स. पिस्टनचा सेट ०.४०चा, चारही नवे.

इथे लेथवाल्याने एक गोष्ट शिकवली. तो पिस्टन हातात आल्याशिवाय बोअरला हात लावेना. पिस्टनचं माप त्याच्या पिनला काटकोनात, खालच्या घेराशी मायक्रोमीटरने घेतलं, आणि त्या मोजलेल्या आकड्यावर नळीचा बोअर ठरवला. डब्यावर छापलेल्या मापावर त्याचा विश्वास नव्हता. पिस्टन आणि भिंतीत जी जागा सोडायची ती डोक्याच्या केसाच्या जाडीहून कमी. तिथे डब्यावरच्या छपाईला काय किंमत?

एक प्रश्न राहिलाच होता, आणि तो काकांनी माझ्याआधी विचारला. चौथाच का? तेच ऑईल, तेच पेट्रोल, तोच एअर फिल्टर चौघांना. त्यांनी ब्लॉकच्या बाजूचे पत्र्याचे गोल प्लग ठोकून काढले. पुढच्या प्लगमागून गंजाचं पाणी आलं. मागच्या प्लगमागून काहीच येईना. तारेने उकरलं तेव्हा ओल्या विटेसारखा तांबूस गाळ लगद्यालगद्याने बाहेर पडला. पाण्याचा पंप पुढे, चौथा सिलिंडर सगळ्यात मागे. वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी हापशीचं जड पाणी ओतलं गेलं, त्यातला क्षार आणि ब्लॉकचा गंज मागच्या कोपऱ्यात साचत गेला. चौथ्याच्या भोवती पाणी फिरतच नव्हतं. तापमानाचा काटा मात्र ठीक दाखवत असणार, कारण तो फिरत्या पाण्याचं तापमान सांगतो, गाळाआडच्या भिंतीचं नाही. मे महिन्यात जिथे पारा पंचेचाळिशी सहज ओलांडतो अशा गावात त्या कोपऱ्यातलं ऑईल भिंतीवर टिकणार कसं? रिंगांचा ताण गेला, भिंत गेली, आणि हेडचा बाकही बहुधा याच तापण्याचा. दोन आजार वेगळे दिसले तरी मूळ एकच होतं.

हा गाळ तसाच ठेवून नवी स्लीव्ह घातली असती तर तीही त्याच वाटेने गेली असती. म्हणून ब्लॉक आधी रसायनाच्या टाकीत उकळून साफ केला, पाण्याच्या वाटा मागेपर्यंत मोकळ्या आहेत हे होजपाइप लावून पाहिलं, रेडिएटर खोलून रॉडिंग करून घेतलं. त्यात नंतर डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट.

इंजिन बसल्यावर काकांनी सुरुवातीची पथ्यं बजावली. साधं मिनरल ऑईल, आणि पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर ते बदलायचं. उभ्या गाडीवर तासभर इंजिन फिरवत ठेवायचं नाही. रिंगा भिंतीशी जुळायला थोडा जोर लागतो. सलग एकाच वेगात पळवायचं नाही. हेडचे नट एकदा पुन्हा ठरलेल्या क्रमाने आवळून घ्यायचे. हे सगळं झाल्यावर गेज पुन्हा लावला: १३१, १२९, १३०, १३४. स्लीव्हवाला चौथा आता सगळ्यांत पुढे.

जुन्या गाडीच्या वाटेला जाणाऱ्यांना मी एवढंच सांगीन. धूर दिसला की पाना उचलू नका. आधी चार आकडे कोरडे, चार आकडे ऑईल टाकून, तारखेसह लिहून ठेवा. एखादा सिलिंडर इतरांपेक्षा वेगळा वागत असेल तर ‘किती झिजला’ याच्या आधी ‘हाच का झिजला’ हे विचारा. आणि कोणी सरसकट बोअर करायला सांगितलं तर माप मागा. आमच्या ब्लॉकमध्ये पहिल्या तीन सिलिंडरचं ०.६० आणि ०.८० अजून शिल्लक आहे. पुढच्या पन्नास वर्षांत ज्याच्या हाती ही गाडी जाईल, त्याला ते लागेल.